लक्ष्मीबाई टिळक

नाताळाच्या पर्वकाळी आम्हांस स्मरण होते ते लक्ष्मीबाई टिळकांचे. जन्म १८६८. माहेरी सोवळे इतके कडक, की वडील मीठसुद्धा धुऊन घेत! १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, संसार दुभंगला. लहानग्या दत्तूस घेऊन त्या काही काळ पंढरपुरी राहिल्या. पुढे पतीकडे आल्या, तरी अन्नपाणी वेगळेच. अखेर जातिभेद मनुष्यकृत, असा निवाडा त्यांनी स्वतःच्या मनाशी केला व कोणाच्याही हातचे घेऊ लागल्या. १९०० साली बाप्तिस्मा झाला. १९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे ओवीबद्ध येशूचरित्र ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. पतीनेच घरी अक्षरओळख करून दिलेल्या या माउलीने त्याचे बहुतेक अध्याय रचिले. आम्हां कीर्तनकारांस ओवीचे कष्ट ठाऊक आहेत.