खाली उतरणारी क्षमा

आजचं वचन : फिलेमोनाला पत्र, ओवी 8 ते 19



आज वाचायला अगदी छोटं पत्र आहे, एकच अध्याय. उघडा आणि एकदा पूर्ण वाचून घ्या, मग पुढे या.

हे पत्र मी परवा ट्रेनमध्ये वाचलं. सुट्टीला भंडाऱ्याला घरी निघालो होतो. मनात एक गोष्ट टोचत होती. ऑफिसात माझी चूक झाली होती आणि मी ती एका ज्युनिअर मुलीवर ढकलली होती, सगळ्यांसमोर. नंतर व्हॉट्सॲपवर सॉरी पाठवलं, वर लिहिलं, जाऊ दे ना आता. तिने अंगठा पाठवला. मी समजलो, विषय संपला.

वरठीला, म्हणजे आमच्या भंडारा रोड स्टेशनला उतरलो आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. शाळेत आपण त्यांना फुलांमुलांचे कवी म्हणून शिकलो. 1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला याच मार्गाने गेले होते, नोकरीच्या शोधात. डब्यात एक गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या आणि निघताना त्यांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. टिळक वाचत वाचत डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले ते कायमचे. वैऱ्यावर प्रीती करा, क्षमा करा, हे शब्द त्यांना सोडेनात.

टिळकांचा जन्म 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे जाणकार, स्वभाव तापट. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची त्याला संमती नव्हती. नवरा असून नसल्यासारखा, पदरात लहानगा दत्तू आणि लोकांची बोलणी. तो काळ कसा गेला ते लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’त लिहिलं. अजून वाचलं नसेल तर नक्की वाचा.

आता मला लागलेली गोष्ट सांगतो. समाजाने टिळकांना वाळीत टाकलं, तेव्हा क्षमा करण्याची जागा त्यांची होती. पण घरात? घरात ताकद त्यांची होती आणि सोसलं बायकोने. तिथे क्षमा करायची की नाही, हे लक्ष्मीबाईंनी ठरवायचं होतं. काही वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आले, तेव्हा लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं, वेगळा स्वयंपाक चालूच होता. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही, थांबले. जातपात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला विचारला. उत्तर मिळालं तेव्हा त्या सगळ्यांच्या हातचं पाणी प्यायला लागल्या. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

आता पत्राकडे या. फिलेमोन मालक, अनेसिम त्याचा गुलाम. रोमी कायद्यात मालकाच्या हातात सगळं आणि गुलामाच्या हातात काहीच नाही. पौल स्वतः बंदिवान असून मालकाला लिहितो. त्याला वरून दया दाखवायला सांगत नाही, गुलामाला भाऊ म्हणून जवळ घ्यायला सांगतो. आणि काही देणं असेल तर ते स्वतःच्या नावावर घालून घेतो. म्हणजे ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने खाली उतरायचं आणि नुकसानीचा हिशोबही कुणीतरी भरायचा. पत्रात अनेसिमचा आवाज मात्र कुठेच येत नाही. त्याच्या मनात काय होतं? आपल्याला माहीत नाही. लक्ष्मीबाईंचा आवाज आपल्याकडे आहे, हे आपलं केवढं भाग्य!

टिळक शेवटपर्यंत उतरतच राहिले. मंडळीत परदेशी मिशनऱ्यांचा शब्द मोठा होता. त्यांनी अभंग-कीर्तनातून ख्रिस्त मराठी माणसाच्या अंगणात आणला. 1917 साली मिशनचा पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. 9 मे 1919 ला ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

आता माझं सांगतो. जाऊ दे ना, हे म्हणायचा हक्क माझा नव्हताच, तो तिचा होता. सोमवारी टीमच्या मीटिंगमध्ये, जिथे तिला बोललो होतो तिथेच, चूक माझी होती हे मी सांगणार आहे. त्यानंतर ती क्षमा करेल किंवा नाही करणार. मी थांबेन.

आज एवढंच करा : तुमच्यापेक्षा ज्याची बाजू कमजोर आहे आणि ज्याला तुम्ही दुखावलंय, असं एक नाव वहीत लिहा. त्याच्याकडून क्षमेची घाई करू नका, आधी त्याचं देणं फेडा.

प्रार्थना : प्रभू येशू, तू सर्वांचा धनी असून दास झालास. माझ्या खुर्चीवरून मलाही खाली उतरव. आमेन.