माठ, बर्फ आणि वाफ : जोसेफ ब्लॅक यांनी शोधलेली लपलेली उष्णता

एप्रिलच्या दुपारी शहापूर-मुरबाडकडे पारा चाळिशीला टेकतो, तरी ओसरीवरच्या माठातलं पाणी गार असतं. गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे उष्णता जाते आणि शेवटी दोघांचं तापमान सारखं होतं, हे आपण शाळेत शिकतो. मग माठातलं पाणी हवेइतकं का तापत नाही? याचं उत्तर सापडलं स्कॉटलंडच्या थंडीत, जोसेफ ब्लॅक यांना.

ब्लॅक यांचा जन्म १६ एप्रिल १७२८ रोजी फ्रान्समधल्या बोर्दो शहरात झाला. वडील वाइनचे व्यापारी. ग्लासगो आणि एडिंबरा इथे ते वैद्यकशास्त्र शिकले आणि पुढे ग्लासगोमध्येच शिकवू लागले.

एका खोलीत लोखंड, लाकूड आणि पाणी बराच वेळ ठेवलं, तर थर्मामीटर तिन्हींचं तापमान सारखंच दाखवतो. हाच औष्णिक समतोल. तिन्हींमध्ये उष्णताही सारखीच असते, असा तेव्हा अनेकांचा समज होता. ब्लॅक यांनी तो खोडला. दोन फोन ५० टक्के बॅटरी दाखवत असले तरी लहान-मोठ्या बॅटरीत चार्ज सारखा नसतो ना, तसंच हे. तापमान वेगळं, उष्णता वेगळी.

मग त्यांनी बर्फाकडे लक्ष वळवलं. एकसारखी दोन काचपात्रं घेतली. एकात बर्फ, दुसऱ्यात जवळपास तितकंच थंड पाणी. दोन्ही सुमारे ८ अंश सेल्सिअसच्या खोलीत ठेवली. पाणी अर्ध्या तासात साधारण ४ अंशांवर आलं. बर्फ वितळून तिथवर यायला साडेदहा तास लागले! इतका वेळ उष्णता आत जात होती, पण बर्फ वितळेपर्यंत थर्मामीटरवर ती दिसतच नव्हती. हाच अप्रकट उष्मा. आजच्या मापाने एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. हा उष्मा नसता, तर जरा ऊन पडताच डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळून पूर आले असते.

वाफेचंही तसंच. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. माठातून पाझरलेलं पाणी न उकळताच उडून जातं, पण त्यालाही उष्णता लागतेच. ती ते माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतं. हवेकडून उष्णता येत राहते आणि बाष्पीभवनात खर्च होत राहते, म्हणून तापमान सारखं होत नाही. पावसाळ्यात हवा दमट असते, पाणी कमी उडतं, आणि तोच माठ तितका गार राहत नाही.

ग्लासगो विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणारे जेम्स वॉट हे ब्लॅक यांचे मित्र. थोडीशी वाफ इतकं पाणी कशी तापवते, हे वॉटना पडलेलं कोडं ब्लॅक यांनी उलगडून दिलं आणि पुढे पैशाचीही मदत केली. वाफेचं इंजिन उष्णता कुठे वाया घालवतं हे ओळखून १७६५ मध्ये वॉटना स्वतंत्र कंडेन्सरची कल्पना सुचली. शंभर वर्षांनी, १८६५ मध्ये, शहापूर तालुक्यातल्या कसाऱ्याहून वाफेची इंजिनं थळ घाट चढून इगतपुरीला जाऊ लागली. त्यांच्या कोळशाची बरीचशी उष्णताही पाण्याची वाफ करण्यातच जायची.

ब्लॅक यांनी उष्णतेवर स्वतः पुस्तक काढलं नाही. ६ डिसेंबर १७९९ रोजी एडिंबरात त्यांचं निधन झालं आणि त्यांची व्याख्यानं १८०३ मध्ये छापली गेली. शिकवलेलं मात्र त्याआधीच विद्यार्थ्यांसोबत दूरवर गेलं होतं. दहावीच्या विज्ञानात बर्फ तापवतानाचा आलेख मध्येच आडवा का होतो, ते आता बघा. ती आडवी रेघ म्हणजे ब्लॅक यांचे ते साडेदहा तास.