मार्टिन ल्यूथर किंग

मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहरात झाला. त्या काळी तेथे गोऱ्या प्रवाशासाठी कृष्णवर्णीयांना बसमधील जागा सोडावी लागे. १९५५ साली मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी जागा सोडली नाही. त्यांना अटक झाली. किंग यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. ३८१ दिवस हजारो लोक पायी कामावर गेले. किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. संतापलेले लोक जमले. पण किंग यांनी त्यांना शांतपणे घरी पाठवले. अखेर न्यायालयाने बसमधील भेदभाव रद्द केला.

४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या झाली. तेव्हा ते मेम्फिस शहरात संपावरील सफाई कामगारांच्या मदतीला गेले होते. कायदे बदलले, पण मनातील भेद संपला नाही. म्हणूनच २०२० सालीही अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरले.