मलिक अंबर : तुटपुंज्या बळाचा नियोजक

दौलताबादचा किल्ला पाहताना आपण यादवांचे वैभव आठवतो, महंमद तुघलकाच्या लहरीवर हसतो आणि परततो. परंतु ज्याने १६१० च्या सुमारास येथे निजामशाहीची राजधानी आणली, तो मलिक अंबर सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

१५४८ च्या सुमारास आजच्या इथिओपियात त्याचा जन्म झाला. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे दख्खनेत आल्यावर निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहून तो राज्यकारभार शिकला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकले, तेव्हा त्याने परांड्यास दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसविले व बुडते राज्य सावरले.

मोगलांजवळ अफाट फौज व तोफा. अंबरजवळ माणसे थोडी, पैसा त्याहून थोडा. म्हणून त्याने मराठा घोडेस्वारांना शत्रूच्या सैन्यावर नव्हे, तर त्याच्या रसदेवर सोडले. दाणावैरण तुटली की मोठी फौज तिलाच भार होते, हे त्याने ओळखले होते.

लढाईचा पैसा शेतातून येतो. अंबरने वसुलीची मक्तेदारी मोडली, जमिनीची प्रत पाहून व प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविला. पीक बुडाले असता ठराविक सारा भरणे काय असते, हे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या आम्हां विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवून तेथे त्याने नहरीने पाणी खेळविले.

त्याला अपयशही आले. १६१६ मध्ये रोशनगावजवळ त्याचा पराभव झाला व मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. तरी तो पुन्हा उभा राहिला. १६२४ मध्ये भातवडीस तलावाचे पाणी सोडून त्याने मोगल व आदिलशाही फौजांची वाट चिखलाची केली आणि विजय मिळविला. शहाजीराजे त्या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजी तेथे कामी आले.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमध्ये अशा नियोजनाला ‘ऑपरेशनल रिसर्च’ हे नाव मिळाले व त्याचे गणिती शास्त्र झाले. अंबरजवळ ते गणित नव्हते. पण कोठे किती बळ खर्चावे, हा प्रश्न तोच होता.

१६२६ मध्ये तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. पुढे सातच वर्षांनी, १६३३ मध्ये, मोगलांच्या वेढ्यात दौलताबादेतील धान्य संपत आले आणि त्याचा पुत्र फत्तेखान याने किल्ला स्वाधीन केला. तट तेच होते, खंदक तोच होता. कोठार भरून ठेवणारा मात्र उरला नव्हता.