सनद न घेतलेला कायदेपंडित

एक पदवी पदरी पडल्यावर नोकरी सांभाळून कायद्याच्या वर्गाला जाणाऱ्या माणसाला घरीदारी एकच प्रश्न विचारला जातो. वकिली करावयाची नसेल, तर हा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न मनात ठेवून लोकमान्य टिळकांचे चरित्र पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहे.

टिळकांचा आवडता विषय गणित. डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन ते बी.ए.ला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि त्यानंतर, १८७९ साली, एलएल.बी. झाले. वकिलीतील पैसा आणि न्यायखात्यातील मानाची जागा हे दोन्ही मार्ग त्या पदवीने खुले होत असत. परंतु कायद्याचा अभ्यास चालू असतानाच आगरकरांशी झालेल्या चर्चांतून सरकारी नोकरी न करण्याचा निश्चय झाला होता. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांसमवेत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि कायद्याचा हा पदवीधर मुलांना गणित शिकवू लागला.

व्यवहारी दृष्टीने ही पदवी वायाच गेली. प्रत्यक्षात मात्र ती जन्मभर कामास आली. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर टिळकांनी वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी वर्ग चालविला. दिवंगत स्नेह्याच्या इस्टेटीचे विश्वस्त म्हणून ताईमहाराज प्रकरणातील दत्तकाचा वाद त्यांनी वर्षानुवर्षे लढविला. अखेर १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

खरी कसोटी १९०८ साली लागली. 'केसरी'तील लेखांवरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला. न्यायासनावर होते न्यायमूर्ती दावर; १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी त्यांनीच वकील म्हणून युक्तिवाद केला होता. या वेळी टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन मूळ मराठी शब्दांचा अर्थ इंग्रजीत कसा बिघडला हे त्यांनी मांडले आणि ज्यूरीपुढे २१ तासांहून अधिक काळ भाषण केले. ज्यूरीतील ७ जणांनी त्यांना दोषी ठरविले, २ जणांनी निर्दोष. शिक्षा ६ वर्षे काळ्या पाण्याची झाली.

कायद्याच्या ज्ञानाने मंडाले चुकले नाही, हे मान्यच करावयास हवे. न्याययंत्रणा परक्या सत्तेच्या हाती असता ते चुकणार तरी कसे? तथापि आपल्यावरील आरोप नेमका काय आहे आणि तो कोणत्या शब्दावर उभा आहे, हे ज्याला कळते, तो शिक्षा भोगतानाही अन्यायाला न्याय म्हणून स्वीकारीत नाही. टिळकांच्या बचावाने सरकारची बाजू किती लंगडी होती हे सर्व देशाला दिसले.

वकिलीची सनद ज्यांना घ्यावयाची नाही, त्यांनीही कायदा शिकावा तो एवढ्यासाठी. कचेरीतील हुकूम, घराचा करारनामा, सेवेचे नियम यांपुढे मान तुकविण्यापूर्वी ते वाचता येणे, ही काही लहान कमाई नव्हे.