स्वजनांचा खरा रखवालदार : जोसेफ पेट्रोसिनो

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एका तरी थोर पुरुषाचे चरित्र असावे, हा प्रघात आपल्या पूर्वसुरींनी घालून दिला आणि तो आजतागायत चालत आला आहे. यंदा हे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले व कर्तव्य बजावीत असता प्राण गमावलेल्या एखाद्या पोलीस अधिकाऱ्याविषयी लिहावे, अशी सूचनाही केली. असा विषय निघाला की, २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या भीषण रात्री गिरगाव चौपाटीवर केवळ लाठीनिशी पुढे होऊन मारेकऱ्याची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांची मूर्ती महाराष्ट्रातील प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते. ती कथा आपल्या घराघरांतील मुलांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही वाचकांना शंभराहून अधिक वर्षे मागे आणि सातासमुद्रांपलीकडे घेऊन जात आहोत. ज्याचे चरित्र सांगावयाचे, त्याचा आपल्या ज्ञातीशी काडीचाही संबंध नाही. परंतु त्याच्या आयुष्याने जो प्रश्न उभा केला, तो मात्र प्रत्येक ज्ञातिसंस्थेच्या दाराशी येऊन उभा राहणारा आहे.

इटली म्हटले म्हणजे आपल्याकडील जुन्या वाचकांना मॅझिनी व गॅरिबाल्डी ही नावे आठवतात. १८६० साली गॅरिबाल्डी आपले स्वयंसेवक घेऊन दक्षिण इटलीतून नेपल्सकडे कूच करीत होता. नेमक्या त्याच दिवसांत, ३० ऑगस्ट रोजी, त्या भागातील पादुला नावाच्या डोंगराळ गावी एका शिंप्याच्या घरी ज्युसेप्पे पेट्रोसिनो याचा जन्म झाला. देश एक झाला, पण दक्षिणेचे दारिद्र्य काही हटले नाही. पोटामागे लाखो माणसे गाव सोडून अमेरिकेस जाऊ लागली. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत उतरले. पेट्रोसिनो कुटुंब त्या लोंढ्याच्या पुढे काही वर्षे होते. ज्युसेप्पे बारा-तेरा वर्षांचा असताना ते न्यूयॉर्क शहरी येऊन पोहोचले.

तेथे ज्युसेप्पेचा ‘जोसेफ’ झाला. वर्तमानपत्रे विकणे, लोकांच्या बुटांना पॉलिश करणे, अशी मिळतील ती कामे त्याने केली. पॉलिशची पेटी घेऊन तो बसे, ती जागा मलबेरी रस्त्यावरील पोलीस मुख्यालयासमोरची होती. मोठा झाल्यावर तो रस्ते झाडणाऱ्या खात्यात लागला. हे खाते त्या काळी पोलिसांच्याच ताब्यात होते. त्याची हुशारी आणि चिकाटी एका पोलीस कप्तानाच्या नजरेत भरली. इटालियन वस्ती वाढत चालली होती. परंतु त्या लोकांची भाषा समजणारा मनुष्य पोलिसांत जवळजवळ नव्हताच. पेट्रोसिनो यांची उंची जेमतेम सव्वापाच फूट, म्हणजे नियमापेक्षा कमी. तो नियम बाजूस ठेवून १८८३ साली त्यांना शिपाई म्हणून घेण्यात आले. ज्या कचेरीसमोर बसून त्यांनी लोकांचे बूट चमकविले, तिच्याच नोकरीत ते रुजू झाले.

बारा वर्षे त्यांनी गस्त घातली. १८९५ साली पोलीस मंडळाचे प्रमुख असलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना गुप्त पोलीस शाखेत सार्जंट नेमले. हेच रूझवेल्ट पुढे १९०१ साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले. पेट्रोसिनो यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. एकदा पाहिलेला चेहरा ते विसरत नसत. कधी मजूर, कधी भिकारी, तर कधी नुकताच बोटीतून उतरलेला खेडूत असा वेष घेऊन ते वस्तीत वावरत आणि आपल्या लोकांच्या नाना बोलींत बोलून माहिती काढीत.

त्याच काळातील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. अँजेलो कार्बोने नावाच्या एका तरुण इटालियनावर खुनाचा आरोप शाबीत होऊन त्याला देहान्ताची शिक्षा झाली होती. पेट्रोसिनो यांना त्याच्या निर्दोषपणाची खात्री पटली. निकाल लागला म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. खऱ्या गुन्हेगाराचा माग काढीत ते गावोगाव हिंडले व अखेर बाल्टिमोर शहरी त्याला पकडून त्यांनी कार्बोनेचे प्राण वाचविले. हा अधिकारी स्वतःच्या लोकांना पकडण्यातच धन्यता मानीत होता, असे पुढे जे बोलले गेले, त्यास या एका प्रकरणाचे उत्तर पुरेसे आहे.

परंतु त्यांची खरी कसोटी निराळीच होती. इटालियन वस्तीत ‘काळा हात’ या नावाने खंडणीचा धंदा सुरू झाला होता. धान्याचा दुकानदार, न्हावी, पाववाला, चार पैसे गाठीस असलेला गवंडी, यांना निनावी पत्र येई. पत्राखाली काळा पंजा, कट्यार किंवा कवटी रेखाटलेली असे. पैसे न दिल्यास दुकानात स्फोट होई, मूल पळविले जाई, नाही तर माणूसच नाहीसा होई. लुटणारे इटालियन आणि लुटले जाणारेही इटालियन. साक्षीला कोणी उभा राहत नसे. पोलिसाशी बोलणे हा आपल्या माणसांचा घात, असा दक्षिण इटलीतील जुना समज लोकांनी गाठोड्याबरोबर बांधून आणला होता. १९०३ च्या एप्रिलमध्ये रस्त्यावरील एका पिंपात एक प्रेत सापडले. मृताची ओळख पटेना. पेट्रोसिनो यांनी तुरुंगातील एका कैद्यास छायाचित्र दाखवून, तो त्याचाच नातलग असल्याचे शोधून काढले. टोळी पकडली गेली, पण त्या खुनाबद्दल शिक्षा कोणालाच झाली नाही.

या धंद्याला स्वतंत्र पथकावाचून आळा बसणार नाही, असे ते वरिष्ठांना वारंवार सांगत राहिले. शेवटी कमिशनर मॅकाडू यांनी १९०५ च्या सुमारास त्यांच्या हाताखाली इटालियन भाषा जाणणारी पाच माणसे दिली. लाखोंची वस्ती आणि हे मोजके शिलेदार! तरीही त्यांनी शेकडो खंडणीखोर पकडले. १९०७ साली नेपल्सच्या ‘कामोरा’ या गुन्हेगारी संघटनेचा म्होरक्या एन्रिको अल्फानो न्यूयॉर्कमध्ये दडून बसला होता. त्यालाही पेट्रोसिनो यांनी हुडकून काढले व तो मायदेशी रवाना झाला.

आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कामाबद्दल त्यांच्या स्वकीयांनी त्यांना डोक्यावर घेतले काय? काहींनी घेतले, पुष्कळांनी नाही. दक्षिण इटलीतील बोलीत ‘पेट्रोसिनो’ म्हणजे पार्स्ली, आपल्या कोथिंबिरीसारखी एक पालेभाजी. ते बाजारात शिरले की फेरीवाले त्या भाजीच्या नावाने मोठ्याने आरोळी ठोकीत, म्हणजे गुन्हेगारांनी समजून घ्यावे आणि पसार व्हावे. हा मनुष्य आपल्याच लोकांच्या अब्रूची लक्तरे परक्यांपुढे मांडतो, असा ठपका त्यांच्यावर येई. दुसरीकडे पोलीस खात्यात आयरिश वंशाच्या लोकांचा भरणा होता. तेथे हा इटालियन परकाच. अशा दुहेरी एकाकीपणात त्यांनी पंचवीस वर्षे नोकरी केली.

लग्नही त्यांनी उशिरा केले. १९०७ च्या डिसेंबरात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अॅडेलिना नावाच्या एका विधवेशी विवाह झाला. १९०८ च्या नोव्हेंबरअखेर कन्यारत्न प्राप्त झाले. संसारसुखाची ही पालवी फुटते न फुटते तोच कर्तव्याची हाक आली.

परदेशाहून आलेल्या ज्या मनुष्याने मायदेशातील गुन्हा लपविला असेल, त्याला उतरल्यापासून तीन वर्षांच्या आत परत पाठविण्याची तरतूद १९०७ च्या कायद्याने झाली होती. त्यासाठी इटलीतील न्यायालयांचे दाखले हवे होते. ते गुप्तपणे मिळवावेत व तेथे खबऱ्यांची व्यवस्था लावावी, या कामगिरीवर कमिशनर बिंगहॅम यांनी पेट्रोसिनो यांना पाठविले. तीन महिन्यांची देखील न झालेली मुलगी मागे ठेवून ९ फेब्रुवारी १९०९ रोजी ते खोट्या नावाने बोटीत बसले. परंतु कमिशनरसाहेबांच्याच बोलण्यावरून ही गुप्त कामगिरी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वर्तमानपत्रात छापून आली. ज्यांच्यापासून लपावयाचे, त्यांनाच बातमी पोहोचली. वरिष्ठाची जीभ सैल सुटली की हाताखालच्याचा प्राण कसा जातो, याचे याहून विदारक उदाहरण आमच्या वाचनात नाही.

रोमची कामे आटोपून, वाटेत पादुलास भावाची भेट घेऊन, ते फेब्रुवारीच्या अखेरीस सिसिली बेटावरील पालेर्मो शहरी पोहोचले. तेथील पोलीस प्रमुखाने संरक्षण देऊ केले. त्यांनी ते नाकारले. कोणावर विश्वास ठेवावा याची त्यांना खात्री नव्हती. १२ मार्च १९०९ च्या रात्री, पावणेनऊच्या सुमारास, जेवण उरकून ते पियाझ्झा मारिना या चौकातून आपल्या हॉटेलकडे चालले होते. अंधारातून गोळ्या सुटल्या आणि ते जागीच कोसळले. त्यांचे पिस्तूल हॉटेलातील सामानात राहिले होते. या चौकातील बागेला गॅरिबाल्डीचे नाव आहे. ज्या वीराच्या मोहिमेच्या दिवसांत त्यांचा जन्म झाला, त्याच्याच नावाच्या बागेशेजारी त्यांचा देह पडला.

व्हिटो काशो फेर्रो हा बडा माफिया पुढारी या खुनामागे असावा, असा संशय तेव्हापासून आहे. तो पकडला गेला, पण त्या रात्री तो आपल्याच घरी होता अशी साक्ष एका वजनदार राजकारणी गृहस्थाने दिली. भर चौकातील खून. पण पाहणारा कोणी पुढे आला नाही. कोणासही शिक्षा झाली नाही. २०१४ साली पोलिसांनी चोरून ऐकलेल्या एका संभाषणात पालेर्मोचा एक गुन्हेगार, हा खून आपल्या वाडवडिलांपैकी एकाने केला, अशी फुशारकी मारताना आढळला. एकशेपाच वर्षांनंतरही ती गोष्ट कुळाचे भूषण म्हणून सांगितली जात होती! त्यांच्यामागून दोन अधिकारी इटलीस जाऊन शेकडो दाखले घेऊन आले. परंतु तोवर कमिशनर बदलले होते आणि ते कागद तसेच पडून राहिले.

१२ एप्रिल १९०९ रोजी न्यूयॉर्क शहराने सुट्टी पाळून त्यांची अंत्ययात्रा काढली. सुमारे दोन लाख लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे होते. त्यांत हजारो इटालियन होते. ज्यांनी जिवंतपणी दार लावून घेतले, त्यांतील कितीतरी जण त्या दिवशी डोळे पुसत असतील. आज त्या शहरात एका चौकाला त्यांचे नाव आहे, आणि पादुलातील त्यांच्या घराचे स्मारक-संग्रहालय झाले आहे.

आता ज्या प्रश्नासाठी हे चरित्र सांगितले, त्याकडे वळतो. ज्ञातीवर प्रेम करावे म्हणजे काय करावे? ‘आपला माणूस आहे, सांभाळून घ्या,’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. आम्ही तर ते पाळलेही आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका वसतिगृहाच्या समितीवर होतो. धान्याच्या हिशेबात खोट निघाली. ती करणारा गृहस्थ आपल्यातलाच, चार ठिकाणी मान असलेला. बाहेर बोभाटा नको, ज्ञातीची नाचक्की होईल, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. आम्ही मान खाली घातली आणि हिशेबावर सही केली. त्या वर्षी पैशाच्या तुटीमुळे दोन मुलांना जागा नाकारावी लागली. ती मुलेही आपल्याच ज्ञातीची होती, आणि त्यांना सांभाळून घ्या असे कोणी म्हटले नाही. त्यांतील एकाची शाळा कायमची सुटली. तो मुलगा आमच्या वर्गातील होता.

त्या सहीची बोच आम्हांस आजही आहे. पेट्रोसिनो यांचे चरित्र वाचताना ती अधिकच जाणवली. काळ्या हाताचे लोक परक्याला क्वचितच छळीत. त्यांचे भक्ष्य त्यांचेच भाऊबंद होते. स्वजनांतील चोरास पाठीशी घालणारा मनुष्य स्वजनांचे रक्षण करीत नसतो. तो स्वजनांतील सर्वांत दुबळ्याला वाऱ्यावर सोडीत असतो. पेट्रोसिनो यांनी दुबळ्यांची बाजू धरली, म्हणून त्यांना फितूर म्हणवून घ्यावे लागले. आमच्या मते त्यांच्याइतका ज्ञातिप्रेमी त्या वस्तीत दुसरा नव्हता.

प्राण देण्याचा प्रसंग आपल्यावर येणार नाही. आपल्यावर येतो तो हिशेबावर सही करण्याचा, सभेत उठून बोलण्याचा, साक्षीला उभे राहण्याचा. येत्या सर्वसाधारण सभेत वसतिगृहाचा ताळेबंद ओळ न ओळ वाचून दाखवावा, आणि शंका विचारणाऱ्यास कोणी ज्ञातिद्रोही म्हणू नये, एवढीच आमची ज्ञातिबांधवांना नम्र विनंती आहे. पादुलाच्या त्या शिंप्याच्या मुलास आमचे विनम्र अभिवादन.