त्यानशानचे नाव लाभलेले भूगोलवेत्ते
रशियन भूगोलवेत्ते प्योत्र सेम्योनोव यांचा जन्म १८२७ सालचा. बर्लिनमध्ये अध्ययन करताना त्यांना वयोवृद्ध हम्बोल्ट यांचे प्रोत्साहन लाभले. मध्य आशियातील त्यानशान पर्वत ज्वालामुखीय असल्याचे हम्बोल्ट मानत. तेथील खडकांचे नमुने पाहण्याची त्यांना उत्सुकता होती. १८५६-५७ मध्ये सेम्योनोव त्या दुर्गम रांगांत पोहोचले. परंतु ज्वालामुखीचा मागमूसही आढळला नाही. ज्यांच्याकडून प्रेरणा घेतली, त्यांचेच मत खोडण्याचा प्रसंग आला, तरी ते सत्यापासून ढळले नाहीत. पुढे १८७३ पासून उपाध्यक्ष या नात्याने त्यांनी रशियन भौगोलिक संस्थेची धुरा वाहिली आणि प्रझेवाल्स्कीसारख्या संशोधकांच्या मोहिमांना बळ दिले. १९०६ मध्ये त्यांच्या आडनावाला ‘त्यान-शान्स्की’ ही सन्मानाची जोड मिळाली. १९१४ मध्ये निधन होईपर्यंत, तब्बल एकेचाळीस वर्षे, ते त्या पदावर होते.